एम.एस्सी. करून डॉक्टर होणार का?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



यंदा संमेलनात मी बोलावे असा निरोप चिटणीस साहेबांकडून आला, तेव्हा मी विषय विचारला. "विषय तुम्हीच ठरवा, मात्र पालकांच्या कामाचा असू द्या," असे उत्तर मिळाले. मी बी.ए., बी.एड. झालेला मनुष्य. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा मी एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर बोलेन अशी साहेबांची अटकळ असावी. मी कळवले, "शरीर रोगजंतूंशी कसे झुंजते आणि ते शास्त्र पदवीनंतर कसे शिकतात, यावर बोलतो." साहेब फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या सायन्सच्या मॅडमना एकदा दाखवून घ्या." दाखवून घेतले आहे. त्यातूनही चूक राहिली तर ती माझी समजावी, मॅडमची नव्हे.

इतिहासाच्या मास्तराने या वाटेला का जावे, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती चार लोकांत सांगावी, म्हणजे पुन्हा होणार नाही, असा माझा हेतू आहे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. नाव सांगत नाही. मुलगी बी.एस्सी. झालेली, विषय मायक्रोबायॉलॉजी, गुण उत्तम. वडील भोसरीच्या एमआयडीसीत प्रेसशॉपमध्ये ऑपरेटर. मुलीच्या हातात एम.एस्सी. प्रवेशाचा छापून आणलेला अर्ज होता आणि तिला पुढे इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र, शिकायचे होते. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, एम.एस्सी. करून ही डॉक्टर होणार का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग?"

या "मग"चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ज्याच्याजवळ उत्तर नसते तो स्वतःचे उदाहरण देतो. मी म्हणालो, "बी.एड. करू द्या. शाळेची वेळ ठरलेली, सुट्ट्या असतात, मुलीला सोयीचे." वडिलांना ते पटले. मुलगी काही बोलली नाही. तिने अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवली, सलाम केला आणि दोघे गेले. अर्जाची मुदत टळली. बी.एड.लाही ती गेली नाही, कारण तिचे मन तिथे नव्हते. आज ती चाकणच्या एका गोदामात संगणकावर मालाच्या नोंदी करते. पगार वेळेवर येतो, घरात तक्रार नाही. तक्रार माझी माझ्याशी आहे.

आणि ती का, ते ऐका. त्याच वर्षीचा जानेवारी महिना आठवा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली. धडधाकट माणसाचे पाय अचानक लुळे पडू लागले, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. बघता बघता संशयित रुग्ण दोनशेवर गेले आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. मग अफवा सुटल्या. कोणी म्हणे हवेतून येतो, कोणी म्हणे कोंबडी खाल्ल्याने होतो. आमच्या इमारतीच्या खाली चिकनचे दुकान आहे. चाचा दिवसभर माशा मारत बसत. जिन्यात बायका जमलेल्या, एकीने तर शिजवलेले सालन ओतून दिले होते. ही मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातून आली, दप्तर पायरीवर ठेवले आणि म्हणाली, "खाला, हा रोग माणसाला शिवल्याने लागत नाही. जंतू पोटात जातो, बहुतेक पाण्यातून. पुष्कळांना नुसते जुलाब होतात आणि ते बरे होतात. हजारात एखाद्याच्या शरीराची गफलत होते. जंतूला मारायला शरीर जे हत्यार बनवते ते चुकून स्वतःच्याच नसांवर पडते, कारण त्या जंतूच्या अंगावरचे आवरण आणि आपल्या नसांवरचा एक पदार्थ दिसायला सारखे असतात. पाणी उकळून प्या. कोंबडी नीट शिजवली की जंतू मरतो, सालन फेकू नका."

मी वरच्या पायरीवर उभा राहून ऐकत होतो. ज्या जंतूबद्दल ती बोलत होती त्याचे नाव कॅम्पिलोबॅक्टर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा त्यांत हाच जंतू सापडला होता. दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "सर, या पोरीला रोज संध्याकाळी माझ्या दुकानापुढे उभी करा." आम्ही हसलो. आणि चारच महिन्यांनी त्याच मुलीला मी सांगितले की हे शास्त्र सोड आणि बी.एड. कर.

तेव्हा हे शास्त्र आहे तरी काय, ते मी पुढे पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून जेवढे समजून घेतले तेवढे आपल्यापुढे मांडतो. आपल्यातले निम्मे पालक प्रेसशॉपमध्ये, टूलरूममध्ये, फाउंड्रीत काम करतात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पायात काटा रुतला तर काय होते? तासा-दोन तासांत जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. काटा राहिला तर पू होतो. हा पू म्हणजे बऱ्याच अंशी जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग. मेच्निकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली समुद्रातल्या ताराजातीच्या एका पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या. पुढे त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काट्याने आपल्याही पायाला हेच दाखवले होते, पण आपण काटा काढून फेकतो आणि विसरतो.

ही पहिली फळी. तिला समोरचा शत्रू नेमका कोण याच्याशी कर्तव्य नसते, परका दिसला की तुटून पडायचे एवढेच तिला ठाऊक. पण तिच्यातल्याच काही पेशी जंतूचा एक तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीकडे जातात. पायाला जखम झाल्यावर जांघेत गाठ येते, तिला आपल्या आज्या "अवधाण" म्हणत. अवधाण आले म्हणजे तिथे नमुना पोहोचला आणि काम सुरू झाले असे समजावे.

आता टूलरूमवाल्यांनी लक्ष द्यावे. कारखान्यात आधी गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग येते, मग त्याबरहुकूम डाय बनते. शरीरात याच्या उलट आहे. इथे ड्रॉइंग येण्याच्या आधीच डाय बनवून ठेवलेल्या असतात, त्याही लक्षावधी, प्रत्येक निराळ्या आकाराची. पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना लिम्फोसाइट म्हणतात, त्यांतली प्रत्येक पेशी अंगावर एकेक आकार घेऊन फिरत असते. एवढे आकार आले कुठून? जन्मतः मिळालेल्या थोड्याशा जनुक-तुकड्यांची पत्त्यांसारखी पिसणी करून. हे जपानच्या तोनेगावा यांनी दाखवले आणि त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. जंतूचा नमुना ग्रंथीत आला की या लाखोंपैकी ज्या थोड्या पेशींचा आकार त्यावर बसतो, तेवढ्याच निवडल्या जातात आणि त्यांच्या भराभर प्रती निघू लागतात. बी जातीच्या पेशी अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, बनवून रक्तात सोडतात. टी जातीच्या काही पेशी जंतू शिरलेल्या पेशींना ठार करतात आणि काही नुसती देखरेख करतात, पण त्यांच्यावाचून बाकीच्यांचे हात हलत नाहीत. पहिल्या खेपेला या सगळ्याला आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. ताप उतरायला वेळ लागतो तो यामुळे. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही आठवण धरून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर काम फार लवकर उरकते. लस म्हणजे रोग न देता ही आठवण देणे.

ही गोष्ट की देवीचा आजार एकदा होऊन गेलेल्याला तो पुन्हा होत नाही, दहाव्या शतकात रय शहराचे हकीम अर्-राझी यांनी नोंदवून ठेवली होती. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हेही त्यांनीच नीट मांडले. अर्-राझींचे नाव घेऊन छाती फुगवणे आपल्या सभांतून पुष्कळ चालते. मला त्याचा थोडा कंटाळा आहे. त्यांच्यानंतर हजार वर्षांत या शास्त्रात जे झाले ते आपल्या किती घरांत शिकले जाते, हे कोणी विचारत नाही.

मुद्द्यावर येतो. डाय आधीच बनवून ठेवायच्या, त्याही पत्ते पिसून, तर त्यांतल्या काही आपल्याच अंगावर बसणाऱ्या निघणार हे उघड आहे. म्हणून शरीरात इन्स्पेक्शन आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तपासल्या जातात आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक बाद होतात. एवढे रिजेक्शन आपल्या कारखान्यात निघाले तर सुपरवायझरची नोकरी जाईल. शरीराला मात्र तेच परवडते, कारण एक चुकीची पेशी पास होण्यापेक्षा दहा बाद झालेल्या बऱ्या. तरीही काही निसटतातच. त्यांना आवरण्यासाठी बाहेर फिरते निरीक्षक असतात. टी पेशींचीच ही एक निराळी जात. जपानच्या साकागुची यांनी ती १९९५ साली दाखवली, आणि ब्रन्को व रॅम्सडेल या दोघांनी तिचे सूत्र हलवणारे जनुक २००१ मध्ये शोधले. या तिघांना २०२५ चे नोबेल जाहीर झाले ते गेल्या ऑक्टोबरात. शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रात ती बातमी मी वाचली आणि मला जिन्यातली ती मुलगी आठवली. "शरीराची गफलत होते," असे तिने खालाला सांगितले होते. ती गफलत का होते आणि कशी थांबवावी, याच प्रश्नासाठी जगातले सर्वांत मोठे पारितोषिक दिले गेले होते. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो.

तिथे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी एक विषयांतर करतो, कारण पालकांना त्याची गरज आहे. कोरोनाच्या काळात "इम्युनिटी वाढवा" या नावाखाली काय काय विकले गेले ते आपण पाहिले. काढे, गोळ्या, थेंब, पावडरी. मीही दोन बाटल्या घेतल्या होत्या, खोटे कशाला सांगू. प्रतिकारशक्ती ही पाण्याची टाकी नव्हे की जितकी भरेल तितकी बरी. ती गरजेपेक्षा अधिक भडकली की दमा, ॲलर्जी, संधिवात, जीबीएस असे रोग होतात. कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णांत पुष्कळदा विषाणूइतकाच घात शरीराच्या स्वतःच्या भडक्याने केला. म्हणून डेक्सामेथासोन हे भडका शमवणारे जुने, स्वस्त औषध कामी आले. इंग्लंडमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत यंत्रावर असलेल्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने कमी केले. उलट प्रतिकारशक्ती खरोखर खचते ती उपासमारीने. क्षयाच्या रुग्णांच्या घरच्यांना पुरेसे धान्य आणि डाळ दिली तर त्या घरांतल्या नव्या क्षयाचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटते, असे झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ कामगार राहतात आणि वडापाववर दिवस काढतात, त्या आपल्या भागात हा निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लिहून लावण्याजोगा आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. एम.एस्सी. करून डॉक्टर होणार का? दवाखाना टाकणारा डॉक्टर होणार नाही. पण ज्यांनी डॉक्टरांच्या हातात औषधे आणि लसी दिल्या ते तरी सगळे डॉक्टर होते का? काटा टोचणारा मेच्निकॉफ प्राणिशास्त्रज्ञ. त्याचा विद्यार्थी हाफकिन, तोही प्राणिशास्त्राचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाच हाफकिन इथे आला, तीन-एक महिन्यांत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. लोक सुईला भीत होते. तेव्हा आगाखान तिसरे, ज्यांचे वय अवघे एकोणीस होते, त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःला ती लस टोचून घेतली, पुढे हाफकिनच्या प्रयोगशाळेला आपली खुश्रू लॉज ही इमारतही वापरायला दिली. त्याच प्लेगमध्ये इकडे पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले वारल्या, १० मार्च १८९७ ला. परळची हाफकिन संस्था म्हणून जी आज ओळखली जाते ती या प्रयोगशाळेचीच पुढची वाढ.

आणखी एक नाव सांगतो, ते आपल्या कुरेशी बांधवांनी ध्यानात ठेवावे. कातालिन कारिको. हंगेरीतल्या एका लहान गावातल्या खाटकाची मुलगी. शिक्षण जीवरसायनशास्त्राचे. शरीरात बाहेरून घातलेला आरएनए पहिल्या फळीला विषाणूच वाटतो आणि भडका उडतो, ही अडचण होती. त्यातले एक अक्षर थोडे बदलले तर भडका शमतो, हे तिने सहकारी वाइसमन यांच्यासह २००५ मध्ये दाखवले. त्याआधी कित्येक वर्षे तिला संशोधनाला पैसे मिळत नव्हते, हुद्दाही कमी केला गेला होता. त्या शोधावर कोरोनाच्या दोन मोठ्या लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले.

परदेशच्या गोष्टी झाल्या, आता आपल्या बसच्या मार्गावरच्या सांगतो. पिंपरीची एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागले. पुढे कंपनीचे दिवस फिरले, पण या पट्ट्यात कारखानदारीचा आरंभ ज्या थोड्या ठिकाणांनी केला त्यांत एका औषधाच्या कारखान्याचे नाव आहे, हे आपण विसरतो. हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून आहे. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या एम-आरएनए लसीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, देशात तयार झालेली त्या जातीची ती पहिली. पुण्याची विषाणुविज्ञान संस्था १९५२ ची. कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनली तो तिथेच वेगळा काढला गेला. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. ते सुरू झाले तेव्हा त्याचे काम देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी पुरवण्याचे होते. एक प्रकारची पेशींची पेढीच म्हणा.

आणि भोसरीत, आपल्या एमआयडीसीच्या जी ब्लॉकमध्ये, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. अलीकडे तिच्या नावात विषाणुशास्त्रही आले आहे. मी लांडेवाडीत वाढलो. लहानपणी आम्ही मुले तिला "एड्सची बिल्डिंग" म्हणायचो आणि तिच्यावरून जाताना श्वास रोखून पळायचो. कोणी मोठ्याने थांबवून सांगितले नाही की अरे, तो हवेतून लागत नाही. मोठेही रस्त्याची दुसरी बाजू धरत. आम्ही श्वास रोखून पळत होतो तेव्हा आत काय चालले होते? मघाशी मी देखरेख करणाऱ्या टी पेशी म्हटले, त्यांना सीडी-फोर म्हणतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यावर घाव घालतो. शॉपफ्लोअरवरचे फोरमन एकेक करून नाहीसे केले तर मशिनी आणि कामगार असूनही माल निघत नाही, तशी गत होते. संख्या २०० च्या खाली गेली की साधे जंतूही माणसाला लोळवतात. औषधे लवकर सुरू केली तर रुग्णाकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून कळले. जगभरच्या ज्या शहरांत ती झाली त्यांत पुणे होते. आमच्या श्वास रोखण्यापेक्षा त्या मंडळींचे काम जास्त उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

आता खर्चाचा आणि वर्षांचा हिशोब स्पष्ट सांगतो, कारण गोड बोलून मुलांना वाटेला लावणे मला मान्य नाही. बी.एस्सी. नंतर एम.एस्सी. दोन वर्षे. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, जीवरसायन, प्राणिशास्त्र, यांपैकी कशातूनही इम्युनॉलॉजीकडे जाता येते. विद्यापीठाच्या विभागांत प्रवेश परीक्षा असते आणि फी आवाक्यात असते. खाजगी ठिकाणी फी कित्येक पटीने जास्त, तेव्हा आधी चौकशी करा. केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या बायोटेक्नॉलॉजीच्या जागांसाठी जीएटी-बी नावाची परीक्षा आहे. नुसत्या एम.एस्सी.वर लस कंपन्यांत, औषध कंपन्यांच्या तपासणी विभागांत, रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत काम मिळते. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो. चाकणचा चांगला ऑपरेटर त्याहून अधिक घेतो. स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवायचा तर पीएच.डी. लागते, आणि ती पाच-सहा वर्षे खाते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००, शिवाय घरभाडे वेगळे. परीक्षा कठीण आहे, बहुतेक जण पहिल्या खेपेस पडतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद शिष्यवृत्ती होती, ती २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या नावाने रडत बसून अर्ज भरला जात नाही. नेट सर्वांना खुली आहे. तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेवर काढून ठेवावेत. ऐन मुदतीच्या दिवशी तहसील कचेरीत उभे राहू नये.

मुलींच्या पालकांची शंका वेगळी असते. प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी का जावे लागते? कारण पेशींना रविवार कळत नाही. ठरल्या वेळी त्यांना खाद्य घातले नाही तर त्या मरतात आणि महिन्याभराची मेहनत जाते. कधी परतायला रात्र होते. ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. उंदरांवर प्रयोग करावे लागतात का? काही कामांत लागतात, आणि त्यासाठी आधी समितीची मंजुरी घ्यावी लागते, वाटेल तसे कापता येत नाही. लग्न केव्हा होणार? याचे उत्तर माझ्याजवळ नाही, बी.एड. करणाऱ्या मुलींच्या बाबतीतही नव्हते.

आता त्या संध्याकाळचे सांगतो. मी तिच्या घरी गेलो, वर्तमानपत्र बरोबर नेले होते. वडील नुकतेच पहिल्या पाळीवरून येऊन बसले होते. मी म्हणालो, "भाई, मे महिन्यात मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. तुमच्या 'मग'चे उत्तर मला येत नव्हते, म्हणून मी बी.एड. सांगितले." ते थोडे ओशाळले, म्हणाले, "सर, तुम्ही कशाला असे बोलता?" मग मी त्यांना डायची गोष्ट सांगितली, जी आता तुम्हाला सांगितली. रिजेक्शनचा आकडा ऐकून ते हसले. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "माझ्या हाताखाली डाय चुकीची बसली तर मी मशीन बंद करतो. एक साल गेला. दोन साल तिचा पगार नाही आला तर घर चालेल का, ते मी अम्मीशी बोलून सांगतो." अम्मी म्हणजे त्यांची आई, घरातला शेवटचा शब्द. अम्मींनी आठवड्याने मला बोलावले आणि एकच प्रश्न विचारला, "जिन्यात त्या दिवशी हिने सांगितले ते हिला कॉलेजात शिकवले होते का?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग अजून शिकू द्या. २०२१ मध्ये सुई घ्यावी की नाही हे सांगायला आपल्या गल्लीत कोणी नव्हते. व्हॉट्सॲपवर विचारत बसलो होतो."

मुलगी आज सभेत आहे, गोदामातून अर्धी रजा टाकून आली आहे. यंदाच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास ती रात्री जेवणानंतर करते. मिळेल की नाही हे तिला किंवा मला सांगता येत नाही.

तिच्याबरोबर बसून अभ्यास करू इच्छिणाऱ्या बी.एस्सी.च्या मुला-मुलींसाठी मुख्याध्यापकांनी दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ शाळेची संगणक खोली उघडी ठेवण्याची परवानगी दिली आहे. अर्ज भरण्याचे काम मी करीन, एवढे इंग्रजी मला येते. सायन्सच्या मॅडम महिन्यातून दोनदा येतील. येताना गुणपत्रके, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो आणावेत. दहावी-बारावीच्या मुलांनीही यावे, मागच्या बाकावर बसून ऐकायला काही हरकत नाही. आणि वडिलांपैकी ज्यांना त्या दिवशी सुट्टी असेल त्यांनी एकदा मुलांबरोबर भोसरीच्या त्या इमारतीपर्यंत चालत जावे. जाताना श्वास रोखू नये.